सात नंबरचा लंगोट

माझ्या नातीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती काचेच्या पेटीत होती आणि माझ्या बुटाएवढी होती. बुटाएवढी म्हणजे अंदाजे. तिची लांबी एकेचाळीस सेंटिमीटर, असं पेटीवरच्या कागदावर लिहिलं होतं. घरी येऊन मी बूट मोजला, तो एकतीस भरला. तेव्हा बुटापेक्षा थोडी मोठी. वजन एक हजार सहाशे चाळीस ग्रॅम.

कापडाच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत माझी छत्तीस वर्षं गेली. तिथे ‘एवढंसं’ आणि ‘बरंच’ असले शब्द चालत नाहीत. कारखान्यात मला नापासराव म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण कानावर येतंच. एखादा धागा सुटलेला असतो, कडेला रंग फिका असतो, वीण एका बाजूला ओढलेली असते. मला ते दिसतं, आणि दिसलं की तोंडातून निघतं. घरीही तेच. आमच्या हिच्या केकपासून जावयाच्या मिशीपर्यंत कशालाही मी सोडलेलं नाही. जावई जहाजावर नोकरीला आहे, म्हणून मिशी अजून टिकून आहे.

तर अशा माणसानं त्या काचेपाशी पाऊण तास उभं राहून खोट शोधली. मुद्दाम नाही हो, सवयच ती. नखं पाहिली, वीसच्या वीस, मोहरीएवढी. कानाच्या पाळ्या पाहिल्या, पापण्यांचे केस पाहिले, तळपायावरच्या रेघा पाहिल्या. पोर सात आठवडे आधी आली होती. घाईघाईनं उरकलेल्या कामात कुठेतरी घाई दिसतेच, हा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव. इथे कुठेच दिसेना. मी हात टेकले.

पेटीच्या बाजूला हात घालायला दोन गोल झरोके होते. सिस्टर म्हणाली, “हात धुतलेत ना, आजोबा? मग घाला की आत. घाबरताय काय?”

घाबरलो होतोच. तरी एक बोट आत घातलं. तिनं ते पकडलं. तिची मूठ माझ्या बोटाच्या एका पेरालाही पुरत नव्हती, पण पकड अशी की मला बोट सोडवून घेता येईना. सोडवायचं मनातही नव्हतं.

तेवढ्यात सिस्टरनं नातीचा ओला डायपर काढला, आणि फेकून द्यायच्या आधी शेजारच्या छोट्या काट्यावर ठेवला. आकडा पाहिला, कागदावर लिहिला.

“हे कशाला?” मी विचारलं.

“पोटात किती गेलं ते आम्हाला माहीत असतं. बाहेर किती आलं ते यावरून कळतं. आतलं सगळं नीट चाललंय की नाही, बघायला नको?”

मी मनातल्या मनात तिला सलाम ठोकला. म्हटलं, ही बाई आपल्याच धंद्यातली. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे मीच ते साफ विसरलो.

चोविसाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी माझ्या लेकीला समोर बसवून सांगितलं की आठ-दहा दिवसांत घरी जाता येईल. बाळ दोन किलोच्या वर गेलं होतं, आणि नाकातली दुधाची नळी निघाली होती. आता सगळा भरवसा आईच्या दुधावर. “पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची,” त्या म्हणाल्या. “दिवसाला निदान सहा वेळा लंगोट ओला झाला पाहिजे. तेवढं झालं, म्हणजे दूध पुरतंय. कमी झालं तर वाट बघत बसायचं नाही, सरळ इकडे घेऊन यायचं. मग पुन्हा नळी लावावी लागेल.”

लेकीनं मान हलवली. त्या नळीचा तिनं किती धसका घेतला होता ते मला माहीत होतं. चोवीस दिवस ती यंत्रानं दूध काढून बाटलीत भरत होती, आणि दुसरंच कोणीतरी ते नळीतून घालत होतं. ती एकदा मला म्हणाली होती, “बाबा, मी तिची आई आहे की पुरवठादार?”

“आणि हे विकतचे डायपर बंद करा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मांड्या बघा कशा सोलवटल्यात. हिची कातडी अजून फार पातळ आहे. कापडी लंगोट वापरा. कुठलं कापड घ्यायचं ते तुम्ही बघा.”

कुठलं कापड घ्यायचं! माझ्यासमोर! मला तर खुर्चीवरून उठून भाषणच करावंसं वाटलं. आमची ही दुकानात जायला निघाली होती, तिला मी दारातून परत आणलं. “मी जिवंत असताना माझ्या नातीचं कापड दुकानदार ठरवणार?”

“बरं बाई, तुम्ही ठरवा,” ही म्हणाली. “फक्त तिचं लग्न ठरायच्या आत ठरवा.”

अकरा कापडं जमवली. मलमल, फ्लॅनेल, टॉवेलचं कापड, बांबूच्या धाग्याचं, कसलं कसलं. नव्या कापडाला खळ असते, ती पाणी शोषू देत नाही; म्हणून प्रत्येक तुकडा पाच पाच वेळा धुतला. एक दिवस खोलीच्या हवेत पसरून ठेवला आणि मगच वजन केलं. मग प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात, धुण्यात न जाणाऱ्या शाईनं, नंबर आणि कोरडं वजन लिहिलं. तपासणीच्या खोलीतली ही पहिली शिस्त: अंगावर आकडा नसलेलं कापड टेबलावर येत नाही. दोन नंबरचं कापड हिनं आणून दिलं होतं. आमच्या लेकीच्या लहानपणची सुती चादर, धुऊन धुऊन विरत आलेली. “हेही बघा तपासून,” ही म्हणाली. मी नाक मुरडलं, पण नंबर दिला.

जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस माझी परीक्षा चालली. कापडावर मोजून पाणी ओतायचं, एक मिनिट थांबायचं, वर टीपकागद ठेवून वजन दाबायचं, आणि टीपकागदाला किती ओल लागली ते पाहायचं. दोन नंबरची चादर पहिल्याच फटक्यात गारद झाली. पाणी पडताक्षणी कापड गच्च ओलं, खालचं टेबलसुद्धा ओलं. नापास. आणि सात नंबर! वरचा थर मऊ, लवदार, पाणी स्वतःजवळ न ठेवता खाली सोडून देणारा. आत बांबूचे आणि सुताचे चार पदर. पाणी ओतलं, ते दिसेनासं झालं. टीपकागद जसा ठेवला तसाच कोरडा निघाला. मी पुन्हा ओतलं, पुन्हा कोरडा. असा निकाल मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. खोलीतल्या सगळ्यांना बोलावून हात लावायला लावला. माझ्या हातून इतक्या आनंदानं ‘पास’ कधी लिहिलं गेलं नसेल.

सात नंबरचे चोवीस लंगोट शिवून घेतले. प्रत्येकाचं वजन पुन्हा केलं, कोपऱ्यात लिहिलं. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट. बाळ घरी आलं त्या सकाळी मी ती चळत लेकीच्या पलंगाशेजारी ठेवली आणि म्हणालो, “ही आता ओलेपणाला ओळखणारसुद्धा नाही.”

फार शेखी मिरवली मी. पुढे काय होणार होतं ते माहीत असतं, तर मूग गिळून गप्प बसलो असतो.

लेकीनं फ्रिजवर एक कागद चिकटवला. लंगोट ओला झाला की एक उभी रेघ. दर अडीच तासांनी दूध पाजायचं, पाजून झालं की लंगोट बदलायचा, ओला असो वा कोरडा, ही माझी शिस्त. काढलेला लंगोट झाकणाच्या टोपलीत. शी झालेले तेवढे लगेच धुवायचे. बाकीचं धुणं संध्याकाळी.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीन रेघा झाल्या. “सकाळी उशिरा आलो ना आपण,” ही म्हणाली. “होतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर लेक फ्रिजसमोर उभी होती. तिच्या पायांत चपलाही नव्हत्या, आणि फरशी गार होती. कागदावर त्या तीन रेघांच्या पुढे एकच नवी होती.

“रात्रभरात एकच?” मी विचारलं.

“प्रत्येक वेळी हात लावून बघते, बाबा. वरून चाचपते, आतून चाचपते. कोरडा. आणि ती झोपून असते हो नुसती. शांत. एवढी शांत का आहे ती?”

मी बाळाजवळ गेलो. ती हिच्या मांडीवर होती. टोपडं भुवयांपर्यंत आलेलं, तोंड किंचित उघडं, आणि झोपेतच ती ओठांनी काहीतरी ओढत होती. स्वप्नातसुद्धा दूध पीत होती. एवढ्याशा जिवाला स्वप्न पडतं आणि त्यात काय हवं ते त्याला माहीत असतं, याचं मला त्या काळजीतही नवल वाटलं.

दुपारपर्यंत एकही रेघ वाढली नाही. बारा वाजता मी दवाखान्यात फोन केला. तीच सिस्टर होती.

“लंगोट कोरडे निघताहेत म्हणता? सगळे?”

“सगळे. कालच्या संध्याकाळपासून एकच ओला.”

“दोनपर्यंत घेऊन या. आणि दोन-तीन दिवसांच्या तयारीनं या.”

लेक रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवी काढली आणि झबली एकेक करून घडी घालून भरायला लागली. ही तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“अगं, नळी काय जन्माची आहे का? आठ दिवसांत निघेल.”

“आई, तुला कळत नाहीये. मी दर अडीच तासांनी तिला घेते. ती ओढते, मला जाणवतं ती ओढतेय. मला वाटत होतं तिला मिळतंय.” तिनं हातातलं झबलं खाली ठेवलं. “तिला काहीच मिळत नव्हतं. ती उगाच ओढत होती, आणि मी उगाच बसले होते.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. छत्तीस वर्षं मी लोकांचं काम नापास केलं. आपलं काम नापास झालेला माणूस कसा दिसतो ते मी कधी थांबून पाहिलं नव्हतं.

“अहो, उभे काय राहिलात?” ही म्हणाली. “ती टोपली मोरीत नेऊन ठेवा. निदान ते धुणं तरी मागे राहायला नको.”

मी टोपली उचलली.

आता हे कसं सांगावं? माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, कानही नाहीत. पण हात आहेत. कापडाचा गठ्ठा उचलला की त्यात दमटपणा आहे की नाही ते माझा हात काट्याच्या आधी सांगतो. टोपलीत सात लंगोट होते. सात चोक... नाही, सात चौसष्ट, साडेचारशेच्या आत. टोपलीचं वजन मला माहीत होतं, ती मीच आणली होती. हातात आलेलं वजन त्याहून जास्त होतं. थोडं नाही, चांगलंच जास्त.

मी टोपली खाली ठेवली, झाकण काढलं. वरच्या लंगोटाला हात लावला. कोरडा. उलटा करून पाहिला, तरी कोरडा. मग दोन बोटांत धरून तो नुसता तोलला, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याबरोबर कानशिलंही तापली, कारण टीपकागद जसाच्या तसा कोरडा निघाला तेव्हा सगळ्यांना बोलावून बोलावून कोण दाखवत होतं?

“काटा!” मी ओरडलो. “केकचा काटा कुठाय?”

“आता केक?” ही स्वयंपाकघराच्या दारात आली, आणि माझ्या हातातला लंगोट पाहून तिनं काय ते ओळखलं. “अहो, त्याच्यावर मी साखर मोजते!”

“आज हा मोजू. पेन्सिल घे.”

काटा टेबलावर ठेवला. पहिला लंगोट ठेवला. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, चौसष्ट. काट्यावर आकडा आला त्र्याऐंशी.

“एकोणीस,” मी म्हणालो.

“एकोणीस काय?” लेक पिशवी सोडून आली होती.

“लिही गं. एकोणीस.” दुसरा ठेवला. “सोळा.” तिसरा. “एकवीस.” चौथा चौदा. पाचवा, ज्याची तिनं रेघ मारली होती, तेवीस. सहावा अठरा. सातवा सतरा.

हिनं बेरीज केली. दोनदा केली. “एकशे अठ्ठावीस.”

सिस्टरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिनं किती तासांचं ते विचारलं, बाळाचं वजन विचारलं. पलीकडे पेन चालल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “आजोबा, हे तर मस्त आहे! शी झालेले धुतलेत, ते यात धरलेलेच नाहीत ना? मग कशाला आणताय तिला? डॉक्टरबाईंना विचारून सांगते, थांबा.” थांबलो. दोन मिनिटांनी ती परत फोनवर आली. “घरीच राहा. उद्या सकाळी फक्त वजनाला घेऊन या. आणि कसलं हो कापड लावलंय तुम्ही? त्यानं आईला पत्ताच लागू दिला नाही.”

“उत्तम प्रतीचं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

लेक टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर तो आकड्यांचा कागद होता, पण तिला तो वाचता येत नव्हता, म्हणजे डोक्यात शिरत नव्हता. “एकशे अठ्ठावीस ग्रॅम,” ती म्हणाली. “म्हणजे किती, बाबा?”

मी चहाचा काचेचा पेला घेतला, काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि तांब्यातून हळूहळू पाणी ओतत गेलो. एकशे वीस. थेंब थेंब. एकशे अठ्ठावीस. मग तो पेला उचलून तिच्यासमोर ठेवला.

पेला जवळजवळ काठोकाठ भरला होता.

आम्ही तिघं त्या पेल्याकडे पाहत बसलो. खिडकीतून ऊन येत होतं, आणि पाण्यातून जाऊन त्याचा एक हलता ठिपका टेबलावर पडला होता. एवढं पाणी माझ्या लेकीच्या अंगातून दूध होऊन निघालं होतं. कधी, कुठून, कसं, तिचं तिलाही कळलं नव्हतं. ते त्या बुटाएवढ्या जिवात गेलं, तिथल्या भुईमुगाच्या शेंगेएवढ्या मूत्रपिंडांनी त्यातलं हवं ते ठेवून घेतलं, नको ते गाळून बाहेर टाकलं. हे सगळं काल संध्याकाळपासून, आम्ही रेघा मोजत असताना, पिशवी भरत असताना, एका मिनिटाची सुट्टी न घेता चालू होतं. आमच्या कारखान्यात सहाशे माणसं आहेत आणि तरी रोज काहीतरी बंद पडतं. मी चष्मा काढून ठेवला. मला काहीही नीट दिसत नव्हतं.

“माझंच?” लेकीनं विचारलं.

“मग काय शेजारणीचं?” ही म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. घरात तीच काय ती सर्वांत धीराची म्हणून मी समजत होतो.

“तिला मिळत होतं,” लेक म्हणाली. “आई, तिला मिळत होतं. मला वाटतच होतं.” तिनं पेल्याला बोट लावलं. मग उठून गेली आणि बाळाला उचलून घेऊन आली.

मी माझी सात नंबरची चळत उचलली. “परत धाडतो ही. माझी चूक झाली. मी पाहिलं, कापड किती लपवतं. आईला काय कळायला हवं ते मी विचारलंच नाही.”

“बरं झालं बाई, कबूल तरी केलंत,” ही डोळे पुसत म्हणाली. “आता ते दोन नंबरचं आणा. पलंगाखालच्या पेटीत बाकीची चादर आहे.”

मीच कात्री घेतली. कापड इतकं विरलं होतं की कात्रीचा आवाजही येत नव्हता. याच चादरीवर आमची लेक पहिल्यांदा पालथी पडली होती, हे मला कापता कापता आठवलं. चौकोन कापला, त्रिकोणी घडी घातली, आणि सवयीनं कोपऱ्यात वजन लिहायला शाई काढली.

“नको, बाबा,” लेक म्हणाली. “याला आकडा नको.”

तिनं स्वतः लंगोट बांधला, बाळाला मांडीवर घेऊन पाजायला बसली. आम्ही दोघं उगाच इकडची वस्तू तिकडे करत तिथेच घुटमळत राहिलो. बाळ ओढत होतं. घशात घोट उतरल्याचा बारीक आवाज येत होता. इतके दिवस तो आवाज येत असणार. मी आज पहिल्यांदा ऐकला.

वीसेक मिनिटांनी लेक दचकली. तिनं खाली पाहिलं. माझ्या परीक्षेत पहिल्याच फटक्यात गारद झालेलं ते कापड पुन्हा गारद झालं होतं. लंगोट, दुपटं, तिचे कपडे, सगळं भिजलं होतं, आणि तिच्या मांडीवर तळहाताएवढा ओला डाग पसरत होता.

“बाबा,” ती म्हणाली, “रेघ मारा.”

मी फ्रिजपाशी गेलो आणि रेघ मारली. बाकीच्यांपेक्षा जरा लांब झाली ती. परत येऊन पाहिलं तर ती तशीच बसली होती, एक हात बाळाच्या पाठीवर आणि दुसरा त्या ओल्या डागावर. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, आणि कपडे बदल असं तिला कोणीही म्हणालं नाही.